एवढंच फोरट्रान

एप्रिल उलटला की माझं बूड एका जागी टेकत नाही. आता जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, डोक्यावर पंखा आहे, खिडकीत कूलर घरघरतो आहे, जेवणही अंगावर आलेलं असतं. पण दुपारी जरा आडवं व्हावं तर पाचव्या मिनिटाला उठून मी या खोलीतून त्या खोलीत. बायको म्हणते, "लागली का भिंगरी पायाला? ऊन बाधतं तुम्हाला." ऊन मला काय बाधणार? मी दुधनीचा. भर दुपारी बारा वाजता माणसं उघड्यावर तुरीची पोती उतरवतात त्या गावात वाढलेलो. मला बाधतो तो हा परीक्षांचा हंगाम. सकाळी सात वाजता हातात पॅड घेऊन पळणारी मुलं, पेपर सुटल्यावर फाटकापाशी "पाचवा कसा सोडवलास" म्हणून चाललेला गलका, कोऱ्या पुरवण्यांचा तो वास. हे सगळं आलं की मला एक जुना उन्हाळा आठवतो, आणि तो आठवला की माझाच राग येतो. राग काही बसून निघत नाही, म्हणून मी हिंडतो.

तो उन्हाळा सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचा. मी तिशीत होतो, सोलापुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो, आणि त्या वर्षी माझ्या अंगात फोरट्रान संचारलं होतं. ज्यांच्या कानावरून हे नाव गेलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: फोरट्रान ही कॉम्प्युटरला आज्ञा देण्याची भाषा. कॉलेजने मला मुंबईला तीन आठवड्यांच्या एका वर्गाला धाडलं होतं. तिथून मी सायक्लोस्टाइल केलेल्या टिपणांचं बाड आणि कोडिंग शीटचे गठ्ठे घेऊन परतलो. कोडिंग शीट म्हणजे एका ओळीत ऐंशी चौकटी छापलेला कागद; एका चौकटीत एक अक्षर. त्याच सुमारास पुण्याच्या एका कॉम्प्युटर केंद्राची जाहिरात आली. प्रशिक्षणार्थी घ्यायचे होते, आणि फोरट्रान येणाऱ्यांना प्राधान्य होतं. मी विद्यापीठाच्या परीक्षा संपता संपता फळ्यावर सूचना लिहिली: उन्हाळी वर्ग, सकाळी सात ते नऊ.

अकराजण आले. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून कडुनिंब, त्याचा मोहर वाऱ्याने आत येऊन बाकांवर पडायचा. गिरणीचा भोंगा झाला की आमचा वर्ग सुरू. आठ वाजेपर्यंत बरं असायचं. मग मनगटाच्या घामाने कोडिंग शीट हाताला चिकटायला लागायची, चौकटीतलं अक्षर पुसट व्हायचं, आणि मुलं हाताखाली रुमाल घालून लिहायची. मी पहिल्या दिवशी फळ्यावर आठ शब्द लिहिले. रीड, राइट, फॉरमॅट, इफ, गो टू, डू, स्टॉप, एंड. खाली रेघ मारली आणि म्हणालो, "हे आठ आले की झालं. एवढंच फोरट्रान."

माझं हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकलेलो नाही.

पण त्या आठ शब्दांची बाजूही मला मांडायचीच आहे, कारण ती खोटी नव्हती. आमच्याजवळ यंत्र नव्हतं. मुलांनी कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, मी तो तपासायचा, मग सगळ्यांचे कागद एका पाकिटात घालून एसटीने पुण्याला पाठवायचे. तिथे ओळखीच्या एका संस्थेत ती अक्षरं कार्डांवर भोकं पाडून उमटवली जायची, कार्डं यंत्रात जायची, आणि जे काही बाहेर पडेल त्याची लांबलचक घडी दहा-बारा दिवसांनी आमच्याकडे यायची. एवढ्या प्रवासात एक स्वल्पविराम चुकला तरी घडीवर फक्त चूक झाल्याचा शेरा. दहा दिवस पाण्यात. अशा अवस्थेत मुलाच्या हातात जितके कमी शब्द तितकी चूक कमी. आठ शब्द मुठीत मावतात. चालता चालता, भाकरी खाता खाता, अंघोळ करताना मनातल्या मनात जुळवता येतात. शब्द आठवण्यात डोकं खर्ची पडलं नाही म्हणजे ते प्रश्नाकडे वळतं.

आमचे विभागप्रमुख याच्या कट्टर विरोधात. त्यांनी आदल्या वर्षी जाड इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शिकवलं होतं. तीस-पस्तीस आज्ञा, प्रत्येकीची व्याख्या, प्रत्येकीचे अपवाद. मुलांना नावं घडाघडा येत होती, पण दहा आकड्यांची बेरीज करून दाखव म्हटलं की पेन्सिल चावत बसायची. तरी ते मला म्हणायचे, "तुम्ही भाषेचे हातपाय तोडून मुलांपुढे ठेवताय." मी उसळून म्हणायचो, "आणि तुम्ही अख्खा हत्ती ठेवता, मुलं शेपटीलाच हात लावून घरी जातात." स्टाफरूममध्ये चहा गार व्हायचा. त्या भांडणात मी जिंकत होतो. निदान मला तसं वाटायचं, कारण माझी मुलं खरोखर प्रोग्रॅम लिहीत होती.

आणि थोड्या शब्दांवर कसं जगतात हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. आमच्या घरी कानडी. नववीत सोलापूरला शिकायला आलो तेव्हा माझ्याजवळ शंभर-दीडशे मराठी शब्द असतील. तेवढ्यावर मी खोली मिळवली, खानावळ लावली, दोन मित्र केले, भूमितीत पहिला आलो. कमी शब्दांत माणूस अडत नाही हे मी स्वतः जगून पाहिलेलं आहे. फक्त एक फरक होता, आणि तो मला पुष्कळ उशिरा दिसला. माझी मराठी तोकडी आहे हे मला रोज कुणीतरी दाखवत होतं. वर्गात कुणी हसायचं, दुकानदार एखादा शब्द फेकायचा, रस्त्यावर दोन बायका भांडताना कानावर पडायच्या आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. पुढे मोठी मराठी पसरली आहे आणि मी तिच्या उंबऱ्यात उभा आहे, हे मला एक क्षणही विसरता येत नव्हतं.

त्या अकराजणांत सुजाता होती. बीएस्सी झालेली, हाडकुळी, कॉटनची साडी घट्ट खोचून सायकलवरून यायची. वडील एका चादर कारखान्यात कामाला. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, म्हणून अभ्यास वस्तीतल्या बुद्धविहारात. सकाळी बाया झाडून जायच्या, मग दिवसभर तिथे शांत असायचं. घराण्यातली पहिली पदवीधर. तिला उत्तरापेक्षा कारण हवं असायचं. एखादी गोष्ट पटली नाही की खाली बघत म्हणायची, "बरोबर आहे सर, पण का?" असे विद्यार्थी शिक्षकाला फार आवडतात, आणि जरा भीतीही वाटते.

पहिल्या खेपेला मी चाळीस मुलांपैकी प्रत्येकाच्या गुणांची सरासरी काढायचा प्रोग्रॅम दिला होता. पुण्याहून घडी आली. आठजणांचे शेरे, दोघांची भलतीच उत्तरं, आणि सुजाताच्या कागदावर एकच ओळ. पहिल्या मुलाची सरासरी, अगदी बिनचूक, आणि पुढे कोरा कागद.

"बाकीचे एकोणचाळीस कुठं गेले, सर?" तिने विचारलं.

मी तिची शीट पाहिली. शेवटी परत वर जाण्याची आज्ञाच नव्हती. गो टू नाही, डू नाही. "परत पहिल्या ओळीवर जा म्हणून सांगितलंयस कुठे?"

"ते कशाला सांगायचं? शेवटचं कार्ड संपलं की पहिलं येतंच की."

मुलं हसली. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो, कारण ती चेष्टेने बोलत नव्हती. तिने घरी दुसरं काही बघितलेलंच नव्हतं. चादरीवरची नक्षी जॅकार्ड नावाच्या यंत्रावर निघते. त्यालाही पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागतात. ती कार्डं एकाला एक दोरीने शिवून त्यांची माळ करतात आणि शेवटचं कार्ड पहिल्याला जोडून टाकतात. तिचे वडील हेच शिवायचं काम करत. गठ्ठे घरी आले की आई आणि सुजाताही शिवत. मागावर ती माळ गरागरा फिरते, मोर संपला की पुन्हा मोर सुरू होतो, कुणी त्याला परत ये म्हणत नाही. मी तिला म्हणालो, "या यंत्राला माळ नाही. कार्डं सुटी असतात. परत फिरायचं असलं तर लेखी सांगावं लागतं." तिने शीटच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे ह्याला सवय नाही. सगळं सांगूनच करावं लागतं." त्यानंतर तिने परत फिरण्यात एकदाही चूक केली नाही. उलट इतरांच्या शीट तिच्याकडे जायला लागल्या.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "सर, या की एकदा कारखान्यात. पप्पा दाखवतील." गेलो. पत्र्याचं छप्पर, आत भट्टी पेटल्यासारखं, आणि मागांचा असला खडखडाट की शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखावं. तिचे वडील एका कोपऱ्यात मांडी घालून माळ शिवत होते. मला बघून उठले, हात धोतराला पुसले, आणि आम्ही दाराबाहेर भिंतीच्या सावलीत आलो. मी त्यांना आमची कोडिंग शीट दाखवली.

"हे तर आमच्या डिझाईनच्या कागदावानीच हाय की," ते म्हणाले. "चौकट भरली का भोक, न्हाय भरली का न्हाय."

मी त्यांना माझी आठ शब्दांची कल्पना मोठ्या हौसेने सांगितली. ते मान डोलवत ऐकत होते. "बराबर हाय सर. आमच्यात बी तसंच असतंय. नवा माणूस आला का एकदम जॅकार्डवर घेत न्हाईत. आदी डॉबीवर, साध्या मागावर बसवतेत. टावेल काढ म्हणतेत सहा म्हैने. बारकी नक्षी, बारकं काम. हात बसतो."

"तेच तर मी म्हणतो," मी म्हणालो.

"पर जॅकार्ड शेजारीच चालू असतंय की, सर. टावेल काढता काढता मान वर केली का मोर दिसतोय. डोळे झाकून बस म्हणत न्हाय कुणी."

मी हो म्हणालो. खरं तर माझं लक्ष पहिल्या निम्म्यावरच होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी विभागप्रमुखांना डॉबीची गोष्ट रंगवून सांगितली आणि मोराची गाळली.

दुसरी खेप आली तो दिवस मला आजही स्वच्छ दिसतो. पाकीट फोडलं, घडी उलगडत गेलो तर ती संपेना. बाकांवरून खाली, दारापर्यंत. अकरापैकी नऊजणांचे प्रोग्रॅम चालले होते. सुजाताचा कागद आकड्यांनी भरलेला, चाळीसच्या चाळीस. मुलं त्या कागदाभोवती अशी जमली की जणू कुणाच्या घरी बाळ आलंय. कधी न पाहिलेल्या, ऐंशी कोसांवरच्या एका यंत्राने आपलं ऐकलं, याचा तो आनंद होता. मी म्हणेन की तो आठ शब्दांमुळेच मिळाला. पस्तीस शब्दांनी तो त्या उन्हाळ्यात मिळाला नसता. आजही कुणी मला विचारलं की नवख्याला भाषा लहान करून द्यावी का, तर मी म्हणेन, द्यावी. बेलाशक द्यावी. मी त्या मुलांचे चेहरे बघितले आहेत.

मग मला चैन का पडत नाही, ते आता सांगतो.

मेच्या अखेरीस सुजाता वर्ग सुटल्यावर मागे थांबली. सोलापूरजवळच्या वळसंगच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा निघाली होती. तात्पुरती, पण पुढे कायम होण्यासारखी. संस्थेतल्या कुणी तिच्या वडिलांना निरोप दिला होता. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. पुण्याच्या केंद्राची निवड परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. जागा धरली तर पुण्याला जाता येणार नव्हतं, कारण शाळा तेव्हाच उघडणार.

"काय करू, सर? घरी सगळे म्हणतात हातची सोडू नको."

"तू काय म्हणतेस?"

"मला ते यंत्र बघायचंय," ती म्हणाली. आणि मग, "पण मला खरंच येतं का, सर? म्हणजे तिथं पुण्यामुंबईची पोरं येणार. त्यांना जास्त येत असेल तर?"

मी हसलो. मोठेपणाने हसलो. "जास्त काय येणार? फोरट्रान फोरट्रानच असतं. तुझं पक्कं आहे. वळसंगला नाही म्हणून कळव."

तिने सोमवारी नाही कळवलं.

आता एक गोष्ट, जी मी इतका वेळ लिहायची टाळली. मुंबईच्या त्या तीन आठवड्यांतला तिसरा आठवडा मी हॉस्टेलच्या खाटेवर तापाने फणफणत काढला होता. उठलो तेव्हा निरोपाचा चहा चालू होता. प्रमाणपत्र सगळ्यांना दिलं तसं मलाही दिलं. तिसऱ्या आठवड्याची टिपणं मी बाडात घालून आणली. सोलापूरला आल्यावर तीन-चारदा उघडली. त्यात सबरूटीन म्हणून काहीतरी होतं, कॉल म्हणून एक आज्ञा होती, कॉमन म्हणून आणखी एक. मला ओ की ठो कळलं नाही. विचारणार कुणाला? विभागप्रमुखांना विचारायचं तर पुस्तक त्यांच्याकडे, भांडण त्यांच्याशी. मी ती पानं पुन्हा बाडात घातली आणि फळ्यावर आठ शब्द लिहिले. ते आठ का, नऊ का नाहीत, तर मला तेवढेच येत होते. त्याला मुलांसाठी सोपं केलेलं, शिकवण्याची नवी रीत, वगैरे मी नंतर म्हणायला लागलो. म्हणता म्हणता मलाही ते खरं वाटलं. त्यात गुणही निघाले, म्हणून तर इतकं बेमालूम जमलं.

मी तिला "एवढंच फोरट्रान" ऐवजी "मला एवढंच येतं, पुढे बरंच आहे" म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? आठ शब्द तेच राहिले असते. खेपा तशाच गेल्या असत्या. चाळीसच्या चाळीस आकडे तसेच आले असते. फक्त मान वर केल्यावर तिला मोर दिसला असता.

पुण्याहून परतल्यावर दोन दिवसांनी ती कॉलेजात आली. व्हरांड्यात गरम वारा सुटला होता, सूचनाफलकावरचे कागद फडफडत होते. मी तिला आत बस म्हणालो तर नको म्हणाली. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, एका सुरात, जणू दुसऱ्याच कुणाचं.

लेखी परीक्षेत एक छापील प्रोग्रॅम दिला होता. दोन पानांचा. यातल्या चुका शोधून त्यांना गोल करा. तिने वाचायला घेतला. मधेच एक ओळ आली, कॉल, पुढे काहीतरी नाव, पुढे कंस. तिने गोल केला. पुढे पुन्हा तीच आज्ञा. पुन्हा गोल. असे सात. शिवाय एका फॉरमॅटमध्ये आणि एका डूमध्ये खऱ्या दोन चुका होत्या, त्याही तिने धरल्या. ती बाहेर आली ती खूश होती. इतरांनी दोन-तीन गोल केले होते, हिने नऊ.

दुपारी तोंडी परीक्षा. समोर तिघे. एकाने तिचा कागद पुढे केला आणि विचारलं, हे सात गोल कशाचे?

"मी म्हणले, सर, अशी आज्ञा फोरट्रानमध्ये नाही."

"मग?"

"ते म्हणले, कोण म्हणतं? मी म्हणले, आमचे सर."

तिने माझं नाव सांगितलं होतं. अभिमानाने सांगितलं होतं, हेही तिनेच सांगितलं. तिघांतले दोघे हसले. तिसरा मात्र भला माणूस असावा. त्याने कागद घेतला, दोन चौकोन काढले आणि तिला समजावलं, की एक काम वेगळं लिहून ठेवायचं आणि लागेल तिथे त्याला हाक मारायची. हाक मारणं म्हणजे कॉल.

"दोन मिनिटांत कळलं, सर," ती म्हणाली. "अवघड काहीच नव्हतं. एकदा शिवलेली माळ दुसऱ्या मागावर चढवतो की आपण, तसंच."

ज्या पानांपाशी मी तीन-चारदा अडून बसलो ती पानं या मुलीने दोन मिनिटांत, अपमान गिळता गिळता, समजून घेतली होती. मला आठवतं, तेव्हाही माझ्या मनात पहिली भावना आली ती शरमेची नव्हती. हेव्याची होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं.

"घेतलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "वळसंगची जागा पण भरली. पप्पा जाऊन आले काल."

वारा थांबला होता. खाली कुणीतरी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज झाला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीच्याच आवाजात, जसं वर्गात विचारायची तसं, विचारलं.

"सर, तुम्हाला हे येत होतं?"

खरं उत्तर तिथेच होतं, जिभेवर. ते दिलं असतं तर ती कदाचित हसली असती. कदाचित म्हणाली असती, चला, आपण दोघं मिळून वाचू ती पानं. तिचा स्वभाव तसाच होता. पण मी प्राध्यापक होतो, मुंबईहून शिकून आलेला होतो, आणि पुण्याच्या तिघांपुढे माझं नाव आधीच निघालेलं होतं. आपली विद्यार्थिनीही आपल्याला अडाणी म्हणेल, एवढीच एक धास्ती माझ्या डोक्यात होती.

"येत होतं की," मी म्हणालो. "तुम्हाला जड जाईल म्हणून मुद्दाम वगळलं."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. रागाने लाल वगैरे झाला नाही. दार लोटून घ्यावं तसा तो मिटत गेला.

"आमच्या आजोबांना गावच्या शाळेत बाहेर बसवायचे," ती म्हणाली. "बाराखडी झाली, तसं मास्तर म्हणले, तुला एवढं बास. आजोबा शेवटपर्यंत सांगायचे ते." तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "जड का हलकं, ते माझं मी बघितलं असतं की, सर."

मला अजूनही म्हणता आलं असतं, सुजाता, थांब, मी खोटं बोललो, मला येत नव्हतं. ती जिना उतरत होती. बारा-चौदा पायऱ्या होत्या. तेवढा वेळ पुष्कळ होतो.

पुढे वर्षभराने ती टेलिफोनच्या ऑफिसात लागली. साहेब होऊन निवृत्त झाली. सोलापुरातच असते. भाजी घेताना कधी गाठ पडते तेव्हा स्कूटर बाजूला घेऊन थांबते, "कसे आहात, सर?" म्हणून तब्येत विचारते, आणि मी बरा आहे म्हणतो. तिच्या लेखी मला सगळं येत होतं आणि मी तिच्यापासून राखून ठेवलं. मला येत नव्हतं, हे तिला आजही ठाऊक नाही. अडाणी ठरण्यापेक्षा मी तिच्या आजोबांचा मास्तर ठरणं पत्करलं, आणि अजून तोच आहे.